न्यायाधीशानेच सुनावणीतून बाजूला व्हावं का? न्या. हिगिनबॉथम यांच्यापुढचा 1974 चा अर्ज: एक प्रकरण अभ्यास

न्यायाधीशाने एखाद्या खटल्यातून स्वतःहून बाजूला होणं, ज्याला आपल्याकडचे वकील सरसकट 'रिक्यूज होणं' म्हणतात, हा विषय बहुतेकदा नातेसंबंध, शेअर्स किंवा जुनी वकिली यांच्याभोवती फिरतो. अमेरिकेत 1974 साली फिलाडेल्फियाच्या फेडरल न्यायालयात मात्र त्याला वेगळंच वळण लागलं. खटला वंशभेदाचा होता, न्यायाधीश कृष्णवर्णीय होते आणि प्रतिवादींनी त्यांना बाजूला होण्याची विनंती केली. त्या अर्जावर काय झालं, न्यायाधीशांपुढे कोणते मार्ग होते आणि त्यांनी निवडलेल्या मार्गाची किंमत काय होती, हे इथे मांडलं आहे. न्यायाधीशांचं नाव सार्वजनिक नोंदीत असल्याने दिलं आहे. पक्षकार आणि वकील यांची नावं गाळली आहेत.

पार्श्वभूमी: न्यायाधीश

ए. लिऑन हिगिनबॉथम यांचा जन्म 1928 मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथे झाला. वडील कारखान्यात मजूर, आई दुसऱ्यांच्या घरी कामाला. 1944 मध्ये, सोळाव्या वर्षी, इंजिनिअर होण्यासाठी ते इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात दाखल झाले. तिथे सुमारे 6000 गोरे विद्यार्थी होते आणि कृष्णवर्णीय 12. त्या बाराजणांची झोपायची सोय एका इमारतीच्या माळ्यावर होती आणि माळ्यावर हीटर नव्हता. इंडियानाची थंडी म्हणजे बर्फ, आणि मुलं अंगावर कपड्यांचे थर चढवून झोपत. हिगिनबॉथम थेट विद्यापीठाच्या अध्यक्षांकडे गेले. वसतिगृहाचा कुठला तरी एखादा गरम कोपरा द्या, वेगळा दिलात तरी चालेल, एवढंच त्यांचं मागणं होतं. अध्यक्षांनी सांगितलं की तुम्हाला वसतिगृहात घ्यायला कायदा आम्हाला भाग पाडत नाही; आहे ते स्वीकारा, नाहीतर लगेच विद्यापीठ सोडा.

त्यांनी पर्ड्यू सोडलं, इंजिनिअरिंगही सोडलं. ओहायोतलं अँटिऑक कॉलेज, मग येलची कायद्याची पदवी (1952), मग फिलाडेल्फियात वकिली. तिथे एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या शाखेचे ते अध्यक्ष होते. 1962 मध्ये अध्यक्ष केनेडींनी त्यांना फेडरल ट्रेड कमिशनवर नेमलं. अमेरिकेतल्या अशा नियामक आयोगावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. जानेवारी 1964 मध्ये ते पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व जिल्ह्याचे फेडरल न्यायाधीश झाले. वय 35.

वंशभेदाचा स्वतःचा अनुभव आणि नागरी हक्क संघटनेतलं पद या दोन्ही गोष्टी पुढच्या प्रसंगात महत्त्वाच्या आहेत. त्या कधीच लपवलेल्या नव्हत्या. नेमणुकीच्या वेळी सिनेटसमोर हा सगळा इतिहास उघडा होता आणि तरीही, किंवा त्यासहित, त्यांची नेमणूक झाली होती.

दावा काय होता

1971 मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य आणि 12 कृष्णवर्णीय व्यक्तींनी मिळून दावा दाखल केला. प्रतिवादी होती ऑपरेटिंग इंजिनिअर्सची लोकल 542 ही युनियन, तिच्यासोबत बांधकाम कंत्राटदारांच्या संघटना आणि या युनियनकडून माणसं घेणारे सुमारे 1400 मालक. 'ऑपरेटिंग इंजिनिअर' या नावाने गोंधळून जाऊ नये. हे लोक क्रेन, बुलडोझर, खोदकामाची यंत्रं चालवतात. त्या काळात ही चांगल्या पगाराची, आयुष्य सावरणारी नोकरी होती.

पूर्व पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअरमध्ये ती मिळवायचा रस्ता युनियनच्या कार्यालयातून जात असे. मालकांशी झालेल्या करारानुसार काम युनियनच्या यादीतूनच वाटलं जायचं. मुंबईत माथाडी मंडळाकडे नोंद असल्याशिवाय टोळीत काम मिळत नाही, साधारण त्याच जातीची ही व्यवस्था. कागदावर तिच्यात गैर काही नव्हतं: आधी नाव, आधी काम. वादींचं म्हणणं होतं की यादी चालवणाऱ्यांच्या हातात ती वाकते. कोणाला कोणत्या गटात टाकायचं, कोणाला जास्त दिवसांच्या कामावर पाठवायचं, कोणाला बाहेरून आलेल्या फोनवर परस्पर काम द्यायचं, हे सगळं खिडकीमागे ठरतं आणि कृष्णवर्णीय कामगार तिथे मागे राहतात.

दावा तापलेला होता. वादींना त्रास देण्यापासून रोखणारा मनाई हुकूम हिगिनबॉथम यांना 1972 मध्येच द्यावा लागला होता. ज्युरी नव्हती. म्हणजे पुरावा ऐकणारा, साक्षीदार खरं बोलतो की खोटं हे ठरवणारा आणि शेवटी निकाल देणारा एकच माणूस होता. तो कोण असावा, याला म्हणूनच एवढं मोल आलं.

पेच कसा उभा राहिला

25 ऑक्टोबर 1974 रोजी हिगिनबॉथम यांनी फिलाडेल्फियात एक भाषण केलं. श्रोते होते आफ्रो-अमेरिकन जीवन आणि इतिहास यांचा अभ्यास करणाऱ्या संघटनेचे सदस्य, म्हणजे प्रामुख्याने प्राध्यापक आणि इतिहासकार. कार्टर वुडसन यांनी 1915 मध्ये स्थापन केलेली ही संघटना. पुढे 'ब्लॅक हिस्टरी मंथ' झालेला सप्ताह हिनेच 1926 मध्ये सुरू केला.

भाषणाचा गाभा असा: पुढच्या काळात कृष्णवर्णीयांच्या, गरिबांच्या, दुबळ्यांच्या प्रगतीचं मुख्य साधन सर्वोच्च न्यायालय असेल असं मला दिसत नाही, तेव्हा फक्त न्यायालयांवर विसंबून न राहता आपण इतर व्यासपीठांवरही झटलं पाहिजे. भाषणाची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली.

युनियनच्या वकिलांनी ती बातमी जोडून अर्ज केला. न्यायाधीश स्वतः कृष्णवर्णीय आहेत, कृष्णवर्णीय अभ्यासकांच्या मेळाव्यात बोलले आहेत, बोलताना त्यांनी स्वतःला त्या समाजात धरून 'आपण' म्हटलं आहे आणि नागरी हक्कांच्या चळवळीशी त्यांची भावनिक जवळीक आहे, तेव्हा या खटल्यात ते निःपक्ष राहू शकत नाहीत किंवा निदान तसे दिसू शकत नाहीत, असा त्याचा आशय होता.

लोकल 542 बद्दल भाषणात एक शब्द नव्हता, चालू खटल्याचाही उल्लेख नव्हता. अर्जाचा सगळा भार दोन गोष्टींवर होता: न्यायाधीश कोण आहेत आणि ते कोणाशी बोलले.

कायदा काय सांगत होता

अमेरिकेच्या फेडरल कायद्यात (कलम 144) पक्षकार प्रतिज्ञापत्र देऊन न्यायाधीशाच्या 'वैयक्तिक पूर्वग्रहा'चा आक्षेप घेऊ शकतो. दोन बारकावे इथे महत्त्वाचे आहेत. प्रतिज्ञापत्रातली तथ्यं तात्पुरती खरी धरायची असतात. न्यायाधीशाने 'मी असं बोललोच नाही' म्हणून उलटतपासणी मांडायची नसते. पण ती तथ्यं कायद्याच्या दृष्टीने पुरेशी आहेत का, हे मात्र तोच न्यायाधीश ठरवतो. वाचणाऱ्याला हे खटकतं, स्वतःवरच्या आक्षेपाचा निवाडा स्वतःच करायचा. कारण उघड आहे: नुसत्या आक्षेपाने न्यायाधीश बदलता आला तर प्रत्येक पक्षकार आपल्याला हवा तो न्यायाधीश मिळेपर्यंत आक्षेप घेत राहील.

याच सुमारास कायदा बदलतही होता. न्यायाधीशाच्या निःपक्षतेबद्दल 'वाजवी शंका' येत असेल तर त्याने बाजूला व्हावं, अशी व्यापक तरतूद (कलम 455) डिसेंबर 1974 मध्येच मंजूर झाली. त्यामुळे 'प्रत्यक्ष पूर्वग्रह नाही' एवढं म्हणून सुटका होण्याचे दिवस संपत आले होते. लोकांना कसं दिसतं, हाही प्रश्न टेबलावर होता.

समोरचे मार्ग

सगळ्यात सोपा मार्ग होता काही न बोलता बाजूला होण्याचा. फाइल दुसऱ्या न्यायाधीशाकडे जाते, वर्तमानपत्रं दोन दिवसांत विसरतात आणि 'किती सभ्य माणूस' असं नावही होतं. तीन वर्षं चाललेला दावा नव्या न्यायाधीशाला पहिल्यापासून समजून घ्यावा लागला असता, आणि उशीर नेहमी ज्याच्याकडे काम नाही त्याला महागात पडतो. पण खरा तोटा त्याहून मोठा होता. एकदा हा पायंडा पडला की देशातल्या प्रत्येक वंशभेदाच्या दाव्यात, जिथे कृष्णवर्णीय न्यायाधीश असेल तिथे, हाच अर्ज दुसऱ्या दिवशी टाइप झाला असता.

दुसरा मार्ग, अर्ज निर्णयासाठी दुसऱ्या न्यायाधीशाकडे पाठवणं. दिसायला हा सगळ्यात स्वच्छ. पण मग तो दुसरा न्यायाधीश कोण? फेडरल न्यायपीठावर तेव्हा कृष्णवर्णीय मोजकेच होते, म्हणजे बहुधा गोरा. कृष्णवर्णीय न्यायाधीश निःपक्ष आहे की नाही हे गोऱ्याने ठरवायचं, आणि त्या गोऱ्याच्या वर्णाबद्दल कोणी काही विचारायचं नाही. अर्जात जे गृहीत धरलं होतं, तेच या मार्गाने आडवाटेने मान्य झालं असतं.

तिसरा मार्ग, चार ओळींचा आदेश: प्रतिज्ञापत्र अपुरं, अर्ज फेटाळला. कायद्याने एवढं पुरेसं होतं, आणि तसं करणारे न्यायाधीश रोज असतात.

चौथा मार्ग त्यांनी घेतला.

निर्णय

4 डिसेंबर 1974 रोजी हिगिनबॉथम यांनी अर्ज फेटाळला आणि त्याची कारणं सविस्तर, नावानिशी, इतिहासासकट लिहिली.

सुरुवातीलाच त्यांनी अर्जातला न बोललेला प्रश्न उघड्यावर आणला. वंशभेदाचा इतिहास माहीत असलेला कृष्णवर्णीय न्यायाधीश वंशभेदाच्या खटल्यासाठी जन्मतःच अपात्र ठरतो का? अर्जदारांनी असं थेट लिहिलं नव्हतं, लिहिणं शक्यही नव्हतं. पण त्यांच्या मुद्द्यांतून वर्ण वजा केला तर हातात फारसं काही उरत नव्हतं.

मग त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं. मी कृष्णवर्णीय आहे हे मान्य. त्याबद्दल मी माफी मागत नाही. इतर समाजांतल्या लोकांना असतो तसा मलाही माझ्या वारशाचा विवेकी अभिमान आहे. पण कृष्णवर्णीय असणं म्हणजे गोऱ्यांच्या विरोधात असणं नव्हे, जसं ज्यू असणं म्हणजे कॅथलिकांच्या विरोधात असणं नव्हे. निकालपत्रात न्यायाधीश स्वतःबद्दल इतक्या सरळ भाषेत क्वचितच लिहितो, आणि इथे ते अपरिहार्य होतं. आक्षेप त्यांच्या कामावर नव्हता, त्यांच्या असण्यावर होता. त्याला 'न्यायालयाच्या मते' अशा कोरड्या तिसऱ्या पुरुषातून उत्तर देता आलं नसतं.

निकालातला सगळ्यात भेदक युक्तिवाद वकिलांच्या अनुभवावर उभा आहे. कृष्णवर्णीय वकिलांनी फेडरल न्यायालयांत पिढ्यानपिढ्या जवळजवळ केवळ गोऱ्या न्यायाधीशांपुढे वंशविषयक खटले चालवले. न्यायाधीश गोरा आहे म्हणून त्याने बाजूला व्हावं, असा आग्रह त्यांनी धरला नाही. ज्यू आणि बिगर-ज्यू यांच्या वादात ज्यू न्यायाधीश बसतात, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्या वादात प्रोटेस्टंट बसतात, गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या वादात गोरे बसतात. हे सगळं चालू आहे तोवर कृष्णवर्णीय न्यायाधीशही बसतील, असा त्यांचा निष्कर्ष होता.

भाषणाच्या मुद्द्यावर त्यांनी तेवढ्याच ठामपणे लिहिलं. गोरे न्यायाधीश मानवी हक्कांवर वर्षानुवर्षं व्याख्यानं देत आले आणि त्याच विषयावरचे खटलेही चालवत आले. कृष्णवर्णीय न्यायाधीशाने वंशसंबंधांवर सर्वसाधारण स्वरूपात बोलणंही अपात्रता ठरत असेल, तर मोजमापं दोन झाली.

याच वर्षांतली एक जोडगोष्ट इथे नोंदवायला हवी. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. विल्यम रेन्क्विस्ट यांच्यापुढे असाच प्रश्न आला होता. न्याय खात्यात असताना नागरिकांवरच्या लष्करी पाळतीबद्दल त्यांनी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्याच विषयाच्या खटल्यात ते बसले आणि 5 विरुद्ध 4 अशा निकालात त्यांचं मत निर्णायक ठरलं. बाजूला व्हायला नकार देताना त्यांनी लिहिलं की न्यायाधीशाचं मन घटनात्मक प्रश्नांबाबत कोऱ्या पाटीसारखं असेल तर तो त्याच्या निःपक्षतेचा पुरावा नसून अपात्रतेचा आहे. तिथे साक्ष त्याच वादावर होती. हिगिनबॉथम यांच्या भाषणात चालू खटल्याचं नावही नव्हतं. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचले की 1974 च्या अर्जाचं वजन कळतं.

पुढे काय झालं

खटला त्यांच्याचकडे राहिला. 1977 मध्ये त्यांची बढती वरच्या अपील न्यायालयात झाली, तरी हा दावा त्यांनी सोडला नाही. 1978 च्या अखेरीस निकाल दिला: कामवाटपाची पद्धत कागदावर तटस्थ होती, पण ती राबवताना युनियनने हेतुपुरस्सर भेदभाव केला. कंत्राटदारांच्या संघटना आणि मालक यांच्यावरही त्यांनी जबाबदारी टाकली, कारण काम वाटण्याचा अधिकार त्यांनीच करार करून युनियनच्या हाती दिला होता.

हा दुसरा भाग टिकला नाही. अपील न्यायालयात मतं समसमान पडल्याने तो तात्पुरता वाचला, पण 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ज्या जुन्या नागरी हक्क कायद्याखाली ही जबाबदारी होती, त्याला हेतूचा पुरावा लागतो, आणि मालकांचा स्वतःचा असा हेतू सिद्ध झालेला नाही, असं बहुमताने ठरवलं. बहुमताचा निकाल रेन्क्विस्ट यांनी लिहिला. त्याच न्यायालयातले न्या. थरगूड मार्शल यांनी विरोधी मत नोंदवलं. त्या निकालात वाद फक्त मालकांच्या जबाबदारीचा होता. न्यायाधीशाच्या वर्णाचा प्रश्न तिथे कोणाच्याही हाती नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

भाषण पुढे ढकलता आलं असतं का? आलं असतं. वंशभेदाचा मोठा दावा समोर असताना न्यायाधीशाने त्याच विषयाजवळून जाणारं बोलू नये, असा सल्ला आजही नव्या न्यायाधीशांना दिला जातो आणि तो चुकीचा नाही. मला मात्र तो इथे लावताना अडखळायला होतं. 1974 च्या अमेरिकेत फेडरल न्यायाधीशाच्या टेबलावर वंशाशी संबंधित एकही दावा नसेल असा महिना कुठून आणायचा? 'खटला संपेपर्यंत गप्प' याचा व्यवहारातला अर्थ 'निवृत्तीपर्यंत गप्प' असा होतो, आणि तो नियम फक्त काही न्यायाधीशांना लागू होतो.

'आपण' हा शब्द टाळता आला असता, हे थोडं अधिक पटतं. इतिहासकारांपुढे बोलताना भाषा सैलावते, बातमीत तीच ओळ उचलली जाते. पण शब्द बदलल्याने अर्ज आला नसता असं वाटत नाही. वर्तमानपत्रातलं दुसरं वाक्य जोडलं गेलं असतं.

अर्ज दुसऱ्या न्यायाधीशाकडे द्यायला हवा होता, असं म्हणणाऱ्यांची बाजू मी पूर्ण सोडून देऊ शकत नाही. स्वतःवरच्या आक्षेपाचा निवाडा स्वतः करू नये, हे तत्त्व म्हणून भक्कम आहे. आज एखादं न्यायपीठ इतकं मिश्र असेल की कोणाकडेही फाइल गेली तरी निःपक्षतेचं माप कोणाच्या वर्णावरून ठरवायचं हा प्रश्न उठणार नाही, तिथे हाच मार्ग योग्य ठरावा. त्या वर्षी, त्या न्यायालयात, तो योग्य नव्हता.

राहता राहिला निकालाच्या लांबीचा आक्षेप. चार ओळींत काम झालं असतं; एवढं लिहून त्यांनी एका कमकुवत अर्जाला मोठेपण दिलं, असं म्हणता येतं. याचं उत्तर पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मिळालं. देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांच्याकडे एका बड्या वकिली फर्मविरुद्ध स्त्रियांना नोकरी नाकारल्याचा दावा आला. फर्मने मागणी केली की मोटली स्वतः स्त्री आहेत आणि त्यांनी आयुष्यभर भेदभावाविरुद्ध वकिली केली, तेव्हा त्यांनी बाजूला व्हावं. मोटली यांनी नकार दिला आणि लिहिलं की पार्श्वभूमी, लिंग किंवा वर्ण हीच कारणं पुरेशी धरली, तर या न्यायालयातला एकही न्यायाधीश हा खटला चालवू शकणार नाही, कारण प्रत्येकाला कुठलं तरी लिंग आहे आणि प्रत्येकजण कधी ना कधी वकील होता. त्यांचं उत्तर बरंच आटोपशीर आहे. तोवर इतिहासाचा लांब भाग फिलाडेल्फियात लिहून झालेला होता. फर्मविरुद्धचा तो दावा मोटली यांच्याकडेच राहिला आणि 1977 मध्ये तडजोडीने मिटला.